उद्याचा कागद

आमच्या शाळेत सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर कुठल्याही पुस्तकात नाही. तो शिक्षकखोलीबाहेरच्या हिरव्या फळ्यावर असतो आणि तो मी लिहिते. पावणेदहाला कळतं की आज कोण आलेलं नाही, आणि दहाला शाळा भरते. मधल्या पंधरा मिनिटांत कुणाच्या तासाला कुणी जायचं, कुठला वर्ग मैदानावर पाठवायचा, कुठले दोन वर्ग एकत्र बसवायचे, हे सगळं मी ठरवते. पर्यवेक्षिका म्हणून बावीस वर्षं हेच करत आले. एकदा सहा शिक्षक एकदम तापाने आडवे झाले होते, तरी एकही वर्ग रिकामा राहिला नाही. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला होता.

खरं सांगायचं तर मला त्यात नशा चढते. कुणी आलं नाही म्हटलं की इतरांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि माझ्या हाताला खडूची खाज सुटते. शिक्षक पाठीमागे मला 'तोफ' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि आवडतंही. तेव्हा आपलं काही चुकतंय असं कुणी तोंडावर सांगेल, हे माझ्या गावीही नव्हतं. आणि ते सांगितलं एका मापाच्या वहीने.

मंगळवारी दुपारी मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मऊ स्वभावाचे, कुणाचं वाईट न चिंतणारे. अशा माणसांचा मला राग येतो, कारण त्यांच्याशी धड भांडताही येत नाही. समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ टोकावर बसले होते. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत राहिलेली. बाजारातले टेलरमास्तर.

"सातवी ब मधली यांची मुलगी," मुख्याध्यापक म्हणाले. "नऊ दिवस आली नाही. ऑटिझम आहे ना तिला, गर्दी-गोंधळ झेपत नाही. तर असं ठरवतोय की तिने घरून अभ्यास करावा, परीक्षेला तेवढं शाळेत यावं. तिच्याच भल्याचं आहे. फॉर्मवर यांची, माझी आणि तुमची सही लागेल. शुक्रवारी संध्याकाळी तो वर पाठवायचा आहे."

मला ती मुलगी आठवली. सडपातळ, कायम डाव्या भिंतीला धरून चालणारी, कुणी काही विचारलं तर प्रश्नाचं अगदी नेमकं उत्तर देणारी. नऊ दिवसांपूर्वी काय झालं तेही आठवलं. भूगोलाच्या तासाला मी खेळाच्या सरांना पाठवलं होतं. ही बाकाखाली जाऊन कान दाबून बसली, सरांनी समजूत काढायला म्हणून दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि मग तिचा जो आवाज फुटला तो मी माझ्या टेबलापाशी ऐकला होता.

"तिला शाळा नकोय का?" मी मास्तरांना विचारलं.

"नको कशी असेल बाई? रोज सकाळी दप्तर भरते. चपला घालते. आणि दारात उभी राहते." मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. "डॉक्टर 'स्वमग्न' म्हणाले. मला काही तो शब्द पटला नाही. ती कुठे स्वतःत मग्न असते? तिला तर जगातलं सगळंच एकदम ऐकू येतं. आमच्या बटणला शाळेचं काही वाटत नाही. तिला भीती वाटते ती आज शाळेत काय निघेल याची."

बटण हे त्यांनी तिला ठेवलेलं लाडाचं नाव. जन्मली तेव्हा इतकीशी होती म्हणून.

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. ग्राहकांची मापं लिहायची लांबट, कडक पुठ्ठ्याची वही. छाती, कंबर, बाही अशा छापील रकान्यांवर बारीक अक्षरात दुसरीच नावं लिहिलेली होती: तारीख, कितवा तास, वेळापत्रकात काय होतं, प्रत्यक्षात काय झालं. आणि शेवटचा रकाना: आधी सांगितलं का?

मी पान उलटलं, मग दुसरं. दोन वर्षांतले, सहावी ब आणि सातवी ब चे, माझे सगळे बदल त्यात होते. एकूण तीनशे चार. मी फळ्यावर लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचे, ते सगळं इथे कुणीतरी जपून ठेवलं होतं. शेवटच्या रकान्यात तीनशे चार वेळा एकच शब्द होता: नाही.

कुणाचीही मान खाली गेली असती. माझीही गेली, पण खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी माझ्या अंगावर आनंदाचा काटाही आला. बावीस वर्षं ज्या कामासाठी जीव टाकला, ते कुणीतरी इतक्या बारकाईने पाहिलं होतं. मी वही घेऊन माझ्या टेबलाशी धावले आणि माझं रजिस्टर काढून पडताळलं. बाकीच्या प्रत्येक वर्गाचे दोन वर्षांतले बदल दीडशेच्या आसपास होते. सातवी ब चे दुप्पट का? कारण तिचा वर्ग दोन्ही वर्षं शिक्षकखोलीच्या अगदी समोर आहे. घाई असली की मी हाताशी येईल त्या शिक्षकाला समोरच्याच दारात ढकलत होते. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. बारा वर्षांच्या पोरीला माहीत होतं.

परत जाऊन मी मास्तरांच्या पुढ्यातला फॉर्म उलटा करून ठेवला. "शुक्रवारपर्यंत सही करू नका."

"बाई, उगाच आशा लावू नका," मुख्याध्यापक म्हणाले.

"आशा नाही लावत. काम लावतेय. स्वतःला." मी वही छातीशी धरूनच बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. डोक्यात भन्नाट बेत शिजला होता. ही पोर इतकं सगळं टिपते, तर तिलाच हाताशी घ्यायचं. पर्यवेक्षिकेची मदतनीस. छातीवर छोटासा बिल्ला. दोघी मिळून वेळापत्रक करू, तिची भीती जाईल, शाळेला शिस्त येईल, आणि मुख्याध्यापक तोंडात बोटं घालतील. वाटेत मी बिल्ल्याचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

दुकान म्हणजे दोन यंत्रं, एक कापायचं टेबल आणि छतापर्यंत कापडाचे तागे. बटण टेबलाखाली बसली होती. तिथे तिची जागाच होती, चटई घातलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सांगून आला नाहीत."

"हो गं, खरंच की," म्हणत मी स्टुलावर बसले आणि माझा बेत सांगून टाकला. मदतनीस, बिल्ला, सगळं. यंत्राचा आवाज थांबला. मास्तर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आनंदाने.

"नको," बटण म्हणाली.

"अगं, ऐक तरी. तुझ्यासारखं हे कुणालाच जमणार नाही."

"मला वेळापत्रक करायचं नाही. मला वर्गात बसायचं आहे. बाकीच्या मुलांना वर्गात बसायला काम करावं लागत नाही." ती एक एक शब्द सुटा ठेवत बोलत होती. "ती वही मी आवडीने नाही लिहिली. घाबरून लिहिली. लिहिलं की थोडं कमी वाटायचं. वेळापत्रक तुमचं काम आहे."

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे सगळी शाळा जाणते. तो आलाच. मी एवढी चालत आले, मान दिला, आणि ही टेबलाखालून मला माझं काम शिकवते? तोंड उघडलंही होतं मी. पण मग कळलं की ती मला शिकवत नव्हती. ती फक्त बरोबर बोलत होती. बावीस वर्षांत कुठल्या मुलाला मी म्हटलं होतं, की तू काहीतरी जगावेगळं करून दाखव, मग तुला बाकावर बसू देते? आणि नेमकी हिच्याच भीतीची वही बघून मला तिचा उपयोग सुचला होता. मला लाज वाटली.

"बरं," मी म्हटलं. "काम माझं. मग मला सांग, ते मी कसं करू?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मीही राहिले, आणि मला ते किती जड गेलं असेल हे माझ्या नवऱ्याला विचारा. शेवटी ती म्हणाली, "बदल झाला तर चालतो. सर आजारी पडतात, ते मला कळतं. पण उद्याचं आज कळायला हवं. ते कळणार नसेल तर जर-तर तरी हवं. जर हे सर नसतील, तर कोण येणार, कुठे बसायचं आणि काय करायचं."

"काय करायचं तेही?"

"बदलीचे शिक्षक येतात आणि म्हणतात, चला, आज मजा करू. मजा म्हणजे काय करायचं ते कुणी सांगत नाही. मग सगळे ओरडतात."

मास्तर हसले, मीही हसले. ती हसली नाही, पण तिला आमचं हसणं खुपलंही नसावं, कारण पुढची गोष्ट तिने आपणहून सांगितली. "आणि हाताला धरायचं नाही. मी कान दाबले तर माझं काम चालू आहे. माझं झालं की मी उठते."

घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. मंगळवारपर्यंत मी आग विझवत होते आणि स्वतःला शूर समजत होते. आग लागणार कुठे हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, हे मला सुचलंच नव्हतं. इतकं साधं होतं ते, आणि इतकं अवघडही.

बुधवारी पहाटे पाचला उठून मी जेवणाच्या टेबलावर सगळे तक्ते पसरले. अठरा वर्ग, सव्वीस शिक्षक, दिवसाला आठ तास. प्रत्येक तासाला एक 'जर' लिहायचा, म्हणजे त्या वेळी मोकळा असलेला एक शिक्षक आधीच नेमून ठेवायचा. आणि एकाच शिक्षकाचं नाव एकाच वेळी दोन ठिकाणी पडता कामा नये. मी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. नवरा चहाचा कप घेऊन कुठे ठेवू म्हणून टेबलाभोवती फिरत होता. तो छापखान्यात जुळारी होता, अक्षरांचे खिळे जुळवून पानं लावायचा; आता निवृत्त आहे.

"अगं, एवढं एका पानावर कसं मावणार?" तो म्हणाला.

"तेच तर. मावायलाच हवं. दोन पानं झाली की पोरं एक हरवतात."

त्याने कप खिडकीत ठेवला, चष्मा लावला आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. "आडवं घे. तास डावीकडे. 'जर'चा रकाना निम्म्या रुंदीचा आणि अक्षर बारीक. रेघा कमी मार, डोळ्याला त्रास होतो." तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या एकमताने काही केलं नव्हतं. नऊ वाजता सातवी ब चं पान तयार झालं तेव्हा तो त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होता की मला जरा हेवाच वाटला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी सगळ्या शिक्षकांना गोळा केलं. दोन नियम सांगितले. रजा घ्यायची असेल तर आदल्या दिवशी तीनच्या आत मला कळवायचं, आणि साडेतीनला उद्याचा कागद लागणार. ऐनवेळी कुणी आलं नाही, तर 'जर'च्या रकान्यात ज्याचं नाव आहे त्यानेच जायचं, जिथे लिहिलंय तिथेच बसायचं आणि लिहिलंय तेच करायचं. बाकी कुणीही नाही. मीसुद्धा ते बदलणार नाही.

विज्ञानाचे सर पाय पसरून बसले होते. चांगला शिक्षक, पण तरुण आणि जिभेला हाड नसलेला. "एका मुलीसाठी सव्वीस जणांनी नाचायचं? उद्या दुसरी म्हणेल, मला निळा फळा हवा."

"म्हणू दे," मी म्हटलं. आवाज चढला होता. "तुम्हाला तुमची खुर्ची खिडकीशी लागते ना? कुणी दुसरं बसलं तर दिवसभर तोंड पाडून फिरता. आम्ही कधी फॉर्म भरून घेतला तुमच्याकडून, की बाबा, तू घरूनच शिकव?"

सगळे हसले. सर लाल झाले. आणि मग गणिताच्या बाई उभ्या राहिल्या.

आमच्या गणिताच्या बाई म्हणजे शाळेतला सगळ्यात शांत माणूस. माझ्याच वयाच्या, रोज त्याच वेळी येणाऱ्या, त्याच कोपऱ्यात डबा खाणाऱ्या, सहलीला कधी न येणाऱ्या. आम्ही त्यांना माणूसघाण्या म्हणायचो. त्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "मला रोज सकाळी तुमचा फळा वाचेपर्यंत पोटात गोळा येतो. एकोणीस वर्षं. नाव नसलं की मी आत जाऊन पाणी पिते. असलं की बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहते, मग वर्गावर जाते. मला वाटायचं सगळ्यांचं असंच होतं आणि बाकीच्यांना ते लपवता येतं."

एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. माझा आवाज कुठल्या कुठे गेला.

"तुमच्या त्या कागदाची एक प्रत मला द्या," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. चित्रकलेचे सर म्हणाले, माझ्या 'जर'मध्ये काय चितारायचं ते मी लिहून देतो. ग्रंथालयाच्या ताईंनी वाचायला पुस्तकांची पेटी तयार ठेवायचं कबूल केलं. शिपाईमामा दारातच उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, ती विजेची घंटा माझ्या कानातही सुईसारखी घुसते, तिच्यावर रबराची पट्टी चिकटवू का? सव्वीस माणसं एकदम बोलायला लागली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना, आणि उठा म्हणून ओरडायचं माझ्याही लक्षात आलं नाही. साडेतीनला अठराही वर्गांत कागद लागले. सातवी ब च्या एकेचाळीस मुलांना मी हातातही एकेक दिला. चाळीस खरं तर. एकेचाळिसावा शिपाईमामांनी सायकलवरून टेलरच्या दुकानात पोहोचवला.

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना बटण फाटकातून आत आली. डावी भिंत धरून, हातात कागद. मी खांबाआड उभी होते. पर्यवेक्षिकेने लपून बसणं काही शोभत नाही, पण ऐनवेळी तिच्या वाटेत आणखी एक माणूस नको होता.

पहिला तास कागदाप्रमाणे झाला. दुसरा, तिसरा. चौथ्याला मी सातवी ब वरून उगाचच तीन फेऱ्या मारल्या. ती दुसऱ्या बाकावर बसून नकाशा भरत होती. मधली सुट्टीही निभावली. मला उड्या मारायच्या होत्या.

पाचवा तास विज्ञानाचा. सुट्टी संपायला दोन मिनिटं असताना विज्ञानाचे सर धावत माझ्याकडे आले, फोन कानालाच. बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं, पंधरा दिवस आधीच. चेहरा पांढराफटक. "जा, जा, पळा," मी म्हटलं, आणि ते गेले.

आणि मग मी काय केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. घंटा वाजली, समोर वर्ग रिकामा, आणि माझ्या हाताने बावीस वर्षांची सवय दाखवली. ग्रंथालयाच्या ताई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन समोरून जात होत्या. मी त्यांना म्हटलं, "जरा सातवी ब वर जा." त्या माझ्या धाकात असतात. गेल्या बिचाऱ्या. मी समाधानाने वळले, आणि भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद दिसला. सातवी ब, पाचवा तास. जर विज्ञानाचे सर नसतील, तर: गणिताच्या बाई, वर्गातच, पान चौऱ्याऐंशी, मनात वाचायचं.

बारा पावलांवर वर्ग होता. मी दारात पोहोचले तेव्हा ताई टेबलाजवळ उभ्या होत्या आणि बटण तिच्या जागेवर उभी होती. कागद तिने पुढे धरला होता.

"तुम्ही नाही," ती म्हणत होती. "गणिताच्या बाई. तुम्ही नाही. गणिताच्या बाई."

ताईंना काय करावं कळेना. त्यांनी पटकन म्हटलं, "असू दे गं, आज आपण गोष्ट वाचू, मजा येईल." बटणने कान दाबले. ती पुढेमागे डोलायला लागली आणि घशातून एकसुरी आवाज काढायला लागली. मला वाटलं, संपलं. चार दिवसांत उभं केलं आणि चार सेकंदांत मीच पाडलं.

तेव्हा शेवटच्या बाकावरून एक आवाज आला. तो मुलगा म्हणजे माझ्या डोक्याला ताप, आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर उभा असतो. तो म्हणाला, "पण कागदावर गणिताच्या बाईच आहेत." त्याने वहीतून स्वतःचा कागद काढून दाखवला. शेजारच्याने काढला. पुढच्या मुलीने काढला. बघता बघता सगळ्या वर्गाच्या हातात कागद होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी बटणकडे वळून बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि त्या चाळीस चेहऱ्यांवर मला तेच दिसलं जे वहीच्या शेवटच्या रकान्यात होतं. यांनाही कुणी कधी आधी सांगितलं नव्हतं.

"कागद बरोबर आहे," मी दारातूनच म्हटलं. "चूक माझी झाली. गणिताच्या बाई येतील."

गणिताच्या बाई माझ्यामागे येऊन उभ्याच होत्या. त्यांनी आपला कागद वाचला होता, आणि त्या वेळेवर निघाल्या होत्या. त्या आत गेल्या, फळ्यावर 'पान ८४' लिहिलं आणि खुर्चीत बसल्या. बटणकडे गेल्या नाहीत, तिला खाली बस म्हणाल्या नाहीत. मुलांनी पुस्तकं उघडली. वर्गात पानांचा आवाज आणि तिचा तो एकसुरी आवाज, एवढंच. मी दारात उभी राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. आत जाऊन तिला जवळ घ्यावं असं मला इतकं वाटत होतं की मी चौकट घट्ट धरून ठेवली. सहा मिनिटं. नऊ. अकराव्या मिनिटाला तिचे हात खाली आले. ती बसली, पुस्तक उघडलं आणि पान चौऱ्याऐंशी काढलं.

मला रडू आलं. लपवलं नाही. लपवून करणार काय, सगळा वर्ग बघत होता.

शेवटच्या तासाच्या आधी मास्तर आले. मुख्याध्यापकांनी फॉर्म आणि पेन टेबलावर ठेवलं आणि बटणला बोलावलं. ती दाराजवळच्या भिंतीशी उभी राहिली.

"आज त्रास झाला ना तुला?" मुख्याध्यापकांनी हळू विचारलं. "मला कळलं. बघ बाळा, घरी असा त्रास होणार नाही."

"हो," बटण म्हणाली. "घरी त्रास होत नाही. घरी विज्ञानही होत नाही."

मास्तर पेनाकडे बघत होते, पण हात लावत नव्हते. "तू सांग बेटा. तू म्हणशील ते."

"आज एक चूक झाली," ती म्हणाली. तिची नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे होती. "आधी तीनशे चार झाल्या. आजच्याला बाई चूक म्हणाल्या. आधीच्या एकालाही कुणी चूक म्हणालं नव्हतं."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या मऊ माणसाने फॉर्म हातात घेतला, जरा वेळ धरला आणि तिलाच विचारलं, "मग उद्या येशील?"

बटण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "तीन वाजून चौतीस मिनिटं झाली," ती म्हणाली. "उद्याचा कागद अजून लागलेला नाही. तो वाचल्याशिवाय मी कसं सांगू?"

मी उत्तर द्यायला थांबलेच नाही. चोपन्नाव्या वर्षी, चष्मा सावरत, मी जिन्यावरून धावत सुटले. वाटेत वर्ग बदलणारी पोरं भिंतीला चिकटून मला रस्ता देत होती, आणि त्यातलं कुणीतरी पुढच्याला ओरडून सांगत होतं, सरका, सरका, बाईंना उद्याचा कागद लावायचाय.